घोडा अर्ध्यावर

सुरुवातीलाच एक कबुली. मी कॉन्व्हेंटचा. शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की दोन रुपये फाईन असायचा, त्यामुळे माझं मराठी जे काही आहे ते घरच्या जेवणाच्या टेबलावरचं आणि आजोळच्या अंगणातलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या तर पोटात घाला. मराठी विभागाला लेख कमी पडतायत म्हणून रूम पार्टनरने माझं नाव परस्पर देऊन टाकलं आणि वर विचारलं, "विषय काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, बंदुकीची साफसफाई." तो हसला. त्याला वाटलं मी टाळतोय.

पण खरंच तोच विषय आहे.

माझं आजोळ कुडाळ तालुक्यात. घर, पुढे अंगण, मागे नारळ-सुपारी, आणि पऱ्ह्याच्या पलीकडे भाताचे चार-पाच कुणगे. माजघरात खुंटीवर खाकी कापडी पिशवीत आजोबांची बंदूक असते. एकनळी, ठासणीची. सिनेमात दाखवतात तसं काडतूस मागून घालून खट्कन बंद करायची ही बंदूक नव्हे. हिच्यात सगळं तोंडाकडून भरायचं: आधी दारू, मग तिच्यावर काथ्याचा बोळा, आणि गजाने ठासायचं. म्हणून ठासणीची. मग मागच्या बाजूला निपलवर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, तिला गावात केप म्हणतात. चाप ओढला की घोडा त्या केपवर आपटतो, ठिणगी निपलच्या भोकातून आत जाते आणि बार उडतो.

आमच्या सिव्हिलच्या मित्रांना वाटेल की हे म्युझियममधलं काहीतरी असेल. तर नाही. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद चक्क नाव घेऊन केलेली आहे. कोकणात असे परवाने अजून आहेत. रानडुकरं भाताचा तरवा उकरतात, सुरण-करांदे खणून खातात, वांदर नारळ पाडतात. आणि परवाना पीक राखायचा, शिकारीचा नव्हे, हे आजोबा पाहुण्यांना न विचारता सांगतात. ते वर्षानुवर्षं नुसता रिकामा बारच उडवत आले. छर्रे नाहीत, फक्त आवाज. डुकरं पळतात, दोन दिवसांनी परत येतात, मग पुन्हा बार.

अजून एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण मेकॅनिकलची मुलं लगेच बोट ठेवतील. ही रायफल नाही. रायफल म्हणजे नळीच्या आत पिळाचे आटे असलेली. इतिहासाच्या पुस्तकात १८५७ च्या धड्यात जी एन्फिल्ड येते, चरबीच्या काडतुसांची, तीही ठासणीचीच होती, पण रायफल. आमची नळी आतून गुळगुळीत. मात्र घोडा, चाप आणि मधली यंत्रणा यांचं काम दोघींत एकाच तत्त्वावर चालतं. त्यामुळे या लेखात जे आहे ते तिलाही लागू पडेल.

शाळेत सिस्टरनी आम्हाला इंग्लिश इडियम्स पाठ करायला लावले होते. 'लॉक, स्टॉक अँड बॅरल' म्हणजे सगळंच्या सगळं. 'गोइंग ऑफ हाफ कॉक्ड' म्हणजे पूर्ण तयारीआधीच उडी मारणं. दोन्ही मी टेस्टमध्ये बरोबर लिहिले, पैकीच्या पैकी. पण लॉक, स्टॉक आणि बॅरल हे बंदुकीचेच तीन भाग आहेत, कळ, दस्ता आणि नळी, हे मला बारावीनंतर आजोबांच्या ओट्यावर बसल्यावर कळलं. आणि हाफ कॉक म्हणजे घोडा अर्ध्यावर ओढून ठेवणं. त्या दुसऱ्या इडियमचा अर्थ मला जरा उशिरा आणि वेगळ्या प्रकारे कळला. तेच सांगतोय.

२०२४ च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली आणि आजोबांनी बंदूक नेहमीप्रमाणे ठाण्यात जमा केली. एरवी जमा करायच्या आदल्या दिवशी ते ती उघडून, पुसून, तेल देऊन नेतात. त्या वेळी मात्र त्यांच्या उजव्या हाताची बोटं सांध्यांत सुजली होती. पेला धरवत नव्हता. तशीच नेऊन दिली. आणि तीन-चार दिवसांपूर्वीच तिच्यातून बार काढलेला होता.

याचा अर्थ काय ते केमिस्ट्रीत आपण शिकलोय पण जोडत नाही. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. घन राहतो. काळसर, खरखरीत क्षार. ते हवेतलं पाणी ओढून घेतात आणि लोखंडावर बसून गंज करतात. नळीत तर ते असतातच, पण निपलच्या बाजूने थोडा धूर मागे फुटतो आणि घोड्याच्या फटीतून आतल्या कळीत शिरतो. पुण्यात कदाचित महिनाभर काही होणार नाही. कोकणात एप्रिल-मेच्या दमट हवेत काय होईल ते मीठ ठेवलेल्या पत्र्याच्या डब्याला विचारा.

४ जूनला निकाल लागला, आचारसंहिता उठली, बंदूक परत आली. मीही सेमिस्टर संपवून तिथेच होतो. पावसाला सुरुवात झाली होती. आजोबांनी अंगठ्याने घोडा मागे ओढला तर तो करकरत आला. त्यांनी काही न बोलता माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "बाबू, उद्या सकाळी आंघोळ करून ये. तुझे डोळे होये."

इथे कायद्याचं अजून एक वाक्य. बंदूक बाळगायला वय एकवीस पूर्ण लागतं. माझं तेव्हा एकोणीस होतं. म्हणून बंदूक पूर्ण वेळ आजोबांच्या मांडीवर, आणि मी समोर पाटावर. मला फक्त ते देतील तो भाग हातात घ्यायचा, ते सांगतील तेवढंच करायचं, आणि त्यांच्या नजरेसमोर. हा नियम त्यांनी मला मोठ्याने म्हणायला लावला.

पहिली गोष्ट गज. बंदूक रिकामी आहे हे माहीत असलं तरी गज नळीत सोडायचा, तोंडाशी बोटाने खूण धरायची, बाहेर काढून नळीच्या बाहेरून मोजायचा. आत काही नसेल तर तो जवळजवळ निपलपर्यंत पोचतो. चार बोटं कमी पडला तर आत बार आहे. "भरलली आसा असाच समजान हात लावचो," आजोबा म्हणाले. त्यांनी स्वतः दोनदा मोजलं.

मग घोडा अर्ध्यावर ओढून त्यांनी बाजूचे दोन स्क्रू काढायला सांगितले. इथे मला पहिला धडा मिळाला. मी माझा नवा कोरा स्क्रू ड्रायव्हर काढला, त्यांनी तो बाजूला ठेवला. त्यांच्याकडे तीन होते, प्रत्येकाचं टोक कानशीने घासून त्या-त्या स्क्रूच्या खाचेत अगदी बरोबर बसेल असं केलेलं. सैल टोक फिरलं की खाचेचे काठ उडतात, आणि मग तो स्क्रू पुढच्या वेळी निघत नाही. आणि काढलेला प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर. पुठ्ठ्यावर कळीचं चित्र पेन्सिलने काढलेलं, ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचायचा. आमच्या वर्कशॉपमध्ये आपण सगळे नट-बोल्ट एका डब्यात टाकतो आणि शेवटी दोन उरतात. असो.

स्क्रू थोडे ढिले करून दस्त्याला हलकी थाप दिली की कळ आपल्या खाचेतून सुटते. लोखंडी पट्टी, तळहाताएवढी. बाहेरच्या बाजूला घोडा, आतल्या बाजूला सगळा संसार.

आजोबांची नावं त्यांची स्वतःची आहेत, तीच वापरतो. घोड्याच्या आसावर आतून एक जाड तुकडा बसतो, त्याला ते 'चाक' म्हणतात, जरी तो गोल नसून कापलेल्या चिकूसारखा आहे. त्या चाकाला दाबणारी व्ही आकाराची 'मोठी कमान', हीच घोड्याला पुढे फेकते. चाकाच्या कडेला दोन खाचा. आणि त्या खाचांत अडकणारी 'जीभ', ती खाचेला चिकटून राहावी म्हणून 'छोटी कमान'. जिभेची शेपटी आडवी बाहेर आलेली असते. आपण चाप ओढतो तेव्हा फक्त एवढंच होतं की चापाची पट्टी त्या शेपटीला वर ढकलते, जिभेचं टोक खाचेतून सुटतं, आणि कमान बाकीचं करते. थिअरी ऑफ मशिन्समधला रॅचेट आणि पॉल. चित्र मी पेपरात काढलंय. हातात पहिल्यांदा घेतला.

दोन खाचा एकसारख्या नसतात, आणि सगळी गोम इथेच आहे. पुऱ्या घोड्याची खाच उथळ. जिभेचं टोक तिच्यात जेमतेम टेकलेलं असतं, म्हणून चाप ओढला की सुटतं. अर्ध्या घोड्याची खाच मात्र खोल, आणि तिला आत वळलेला ओठ असतो. जिभेचं टोक त्या ओठाखाली शिरलं की चाप कितीही ओढा, सुटत नाही. सुटलं तर ती बंदूक वापरायची नाही. रात्री कुणग्याच्या मेरेवरून, चिखलातून, एका हातात बॅटरी घेऊन आजोबा चालत असतात तेव्हा घोडा अर्ध्यावर असतो. केप ते जागेवर पोचल्यावरच लावतात, पण परत फिरताना लावलेली केप कधीकधी तशीच राहते. मध्ये आहे तो एवढा एक ओठ.

आम्ही कळ पूर्ण उघडली. रोजच्या सफाईला तेवढं लागत नाही, ब्रशने झटकून, पुसून, थेंबभर तेल पुरतं. पण त्या दिवशी आत तांबूस बुरशीसारखं सगळीकडे होतं. घोडा पुरा ओढून मोठी कमान छोट्या शिकंज्यात दाबून धरायची, शेपटी दाबून घोडा सावकाश पुढे आणायचा, मग कमान शिकंज्यासकट सुटी होते. हे आजोबांनी केलं, सुजलेल्या बोटांनी. पकडीने ओढून कमान काढायची नाही, एक तर ती मोडते, नाहीतर डोळ्याला लागते.

आणि मग पाणी! मी तेलाची बाटली घेऊन बसलो होतो, आजीने आतून गरम पाण्याचं पातेलं आणलं. लोखंडाला पाणी? पण विचार केला की पटतं. क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. वरून तेल लावलं तर क्षार तेलाखाली सुखाने बसून राहतात आणि गंज चालूच. म्हणून आधी कढत पाणी आणि जुना टूथब्रश, मग कोरडं फडकं, मग चुलीजवळ सुपात सगळे तुकडे मांडून ठेवायचे, पूर्ण सुकेपर्यंत. त्यानंतर तेल. तेही शिलाई मशीनचं. पणजोबा खोबरेल लावायचे म्हणे, पण खोबरेल थंडीत थिजतं आणि जुनं झालं की चिकट होतं, मग पहाटे घोडा आळसावतो. तेल सुईच्या टोकाने, एकेक थेंब: चाकाच्या आसाला, जिभेच्या स्क्रूला, दोन्ही खाचांना, कमानीच्या टोकाला. बस. जास्तीचं तेल धूळ धरतं, आणि निपलकडे ओघळलं तर केप वाजते पण बार पेटत नाही. लाकडाच्या खाचेलाही, जिथे कळ बसते, ओलसर ठेवायचं नाही. तिथे मेण.

हे सगळं दुपारी बारापर्यंत झालं. तुकडे सुपात सुकत होते. आजोबा जेवून आडवे झाले.

आता माझी गोष्ट.

सकाळी त्यांनी मला चाप ओढून दाखवला होता. म्हणजे दाखवायचा प्रयत्न केला होता. एका बोटाने होत नव्हता. त्यांनी दोन बोटं घातली, ओठ दाबले, तेव्हा सुटला. मला ते बघवलं नाही. आणि मी इंजिनिअर ना! चाप जड का? घर्षण. घर्षण कुठे? जिभेचं टोक आणि खाच. उपाय काय? सरफेस फिनिश. भिंगातून बघितलं तर टोकावर बारीक रेघा आणि गंजाचे ठिपके होते. माझ्या बॅगेत वर्कशॉपच्या जॉबला घेतलेला बारीक पॉलिश पेपर होता.

मी नियम मोडला. आजोबा घोरत होते, मी जीभ सुपातून उचलली आणि मागच्या पडवीत बसून घासली. किती वेळा ते मोजलं नाही. चकचकीत होईपर्यंत. छान दिसत होती. परत सुपात ठेवली. त्यांनी उठल्यावर कळ जोडली, मी स्क्रू पिळून दिले, कोणी काही बोललं नाही. मी मनात म्हणत होतो, आता एका बोटाने ओढतील आणि चकित होतील.

पण कळ बसवल्यावर आजोबा लगेच बंदूक खुंटीला लावत नाहीत. ते तीन गोष्टी करून बघतात. निपलवर चामड्याचा तुकडा ठेवायचा, म्हणजे घोडा पडला तरी निपल चेपू नये. मग एक: घोडा अर्ध्यावर, आणि चाप जोर लावून ओढायचा, पडता कामा नये. दोन: घोडा पुरा, आणि चापाला हात न लावता अंगठ्याने घोडा पुढे रेटायचा, पडता कामा नये. तीन: घोडा पुरा, आणि दस्ता गोणपाटावर धपकन आपटायचा. पडता कामा नये.

पहिल्यात त्यांनी दोन बोटांनी चाप ओढला. घोडा पडला.

चामड्यावर पडला, आवाजसुद्धा फारसा झाला नाही. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा पडला. मग कळ परत काढली, जीभ बाहेर घेतली आणि उजेडाकडे धरली. त्यांना धड दिसत नव्हतं, म्हणून नखाने टोक चाचपलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी गप्प होतो.

"ह्येका हात कोणी लावल्यान?"

मी म्हटलं, "आजोबा, तुमच्या बोटाला जड जातं म्हणून..."

"माका एकदा विचारूचा नाय?"

एवढंच. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. आजी आतून बाहेर आली, तिने दोघांकडे बघितलं आणि काही न विचारता परत गेली.

त्या रात्री डुकरं आली. कुत्री भुंकायला लागल्यावर आजोबा नेहमीप्रमाणे उठले, खुंटीकडे हात गेला, आणि मग त्यांनी रिकामा तेलाचा डबा आणि काठी घेतली. मीही गेलो. पावसात मेरेवर उभे राहून आम्ही डबा बडवत होतो. तिथेच एका ठिकाणी त्यांचा पाय घसरला, ते गुडघ्यावर बसले, मी धरलं. काही लागलं नाही. पण मला दिसत होतं की त्यांनी ती चाचणी घेतली नसती तर त्या क्षणी त्यांच्या हातात डबा नसता. मला सकाळपर्यंत झोप लागली नाही.

दोन दिवसांनी शेजाऱ्यांच्या रिक्षाने आम्ही जिल्ह्यातल्या एका बंदूक दुरुस्ती करणाऱ्यांकडे गेलो. परवानाधारक, म्हातारे, आजोबांपेक्षा थोडे लहान. त्यांनी परवाना बघितला, वहीत नोंद केली, मगच पिशवी उघडली. जीभ हातात घेऊन एक बारीक कानस तिच्या टोकावर हलकेच फिरवली. "बघ," मला म्हणाले, "धरते." बाजूच्या न घासलेल्या भागावर फिरवली तर ती काचेवरून घसरावी तशी घसरली. "इथे घसरते. का?"

मित्रांनो, का ते मला माहीत होतं. एका महिन्यापूर्वी मेटलर्जीच्या पेपरात 'केस हार्डनिंग' हा प्रश्न मी लिहिला होता, आकृतीसकट, आठ मार्कांना. कमी कार्बनचं लोखंड कोळशाच्या भुकटीत पुरून तापवायचं, कार्बन फक्त कातडीत शिरतो, पाण्यात विझवलं की वरचं कातडं टणक आणि गाभा मऊ, म्हणजे झीज होत नाही आणि धक्क्याने मोडतही नाही. ॲप्लिकेशन्समध्ये गिअर, कॅमशाफ्ट लिहिलं होतं. बंदुकीची जीभ लिहिली नव्हती. त्या टणक कातडीची जाडी किती कमी असते तेही लिहिलं होतं. आणि नेमकी तीच मी पॉलिश पेपरने खाऊन टाकली होती. खाली मऊ लोखंड उरलं, आणि टोकाची धार गोल झाल्यामुळे ते ओठाखाली शिरतच नव्हतं.

मी हे सगळं त्यांना सांगितलं, जसं व्हायवात सांगतो तसं. ते म्हणाले, "शिकलेला दिसतोस," आणि हसले नाहीत.

मग त्यांनी अजून एक गोष्ट दाखवली, जी कुठल्या पेपरात नव्हती. कळ हातात धरून, शेपटी सावकाश दाबून घोडा पुढे जाऊ दिला. चाक फिरताना अर्ध्या घोड्याची खाच जिभेच्या समोरून जाते. चाप जड असला की माणूस तो पूर्ण दाबून धरतो, त्यामुळे जीभ लांब राहते आणि ती खाच बिनधास्त पुढे सरकते. चाप हलका केला, बोटाचा नुसता स्पर्श झाला आणि सुटला, की जीभ लगेच खाली येते आणि वेगाने फिरणाऱ्या त्या खाचेच्या ओठावर आपटते. दहा वेळा, वीस वेळा, आणि एक दिवस ओठ तुटतो किंवा टोक तुटतं. नेमबाजीच्या हलक्या चापाच्या बंदुकांमध्ये यासाठी चाकात एक चिमुकला जादा तुकडा बसवलेला असतो, जो जिभेला त्या खाचेवरून उचलून नेतो. आमच्यात तो नाही. म्हणजे मी अगदी नीट, धार न घालवता हलका केला असता तरी घात होताच, फक्त थोडा उशिरा.

आजोबा बाजूच्या बाकावर बसून ऐकत होते. म्हणाले, "जड आसा ता बराच आसा." त्यांना हे सगळं आधीपासून माहीत होतं की त्या दिवशी कळलं, मी विचारलं नाही.

टोकाला पुन्हा आकार देऊन, पुन्हा टणक करून बंदूक मिळायला ऑगस्ट उजाडला. चारशे रुपये झाले, ते मी माझ्या मेसच्या पैशांतून द्यायला गेलो तर आजोबांनी घेतले. नको म्हणाले नाहीत, घेतले. मला त्याचं फार बरं वाटलं. मधल्या दोन महिन्यांत तरव्याचा एक कोपरा डुकरांनी उकरून टाकला होता, लावणीला शेजारून रोपं आणावी लागली. बंदूक आली, आणि १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. भात कापणीला आलेलं. पुन्हा डबा! पण या वेळी ठाण्यात देण्याआधी कळ उघडून, धुऊन, सुकवून, तेल देऊन दिली. दिवाळीच्या सुट्टीआधी मी दोन दिवस खास त्यासाठी गेलो होतो, सबमिशन बुडवून. एच.ओ.डी. सर हे वाचत असतील तर कारण हे होतं, व्हायरल फीव्हर नव्हे.

बाबांचं म्हणणं आहे की ती बंदूक आता सरकारजमा करावी. बोटं अशी, डोळे असे, कशाला हवी. त्यांचं चूक आहे असं मला म्हणवत नाही. आजोबा यावर गप्प असतात. मी येत्या मार्चमध्ये एकवीस पूर्ण करतो. सत्तरी ओलांडलेल्या परवानाधारकाला बंदूक वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करता येतो, हे त्यांनी मला एकदा सहज सांगितलं, पानाला चुना लावता लावता. पुढे काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. त्या पॉलिश पेपरनंतर हे विचारायचं माझं धाडस होत नाही.

गेल्या मे महिन्यात गेलो होतो तेव्हा संध्याकाळी त्यांनी बंदूक खाली घेतली. गज सोडून मोजला. निपलवर चामडं ठेवलं. मग घोडा अर्ध्यावर ओढला, चापात दोन बोटं घातली आणि मला म्हणाले, "बघ." त्यांना आता घोड्याची खूण संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही, म्हणून मी बघायचं आणि सांगायचं, असं ठरलंय. त्यांनी ओठ दाबून जोर लावला. कपाळावरची शीर दिसायला लागली. मी घोड्याकडे बघत होतो.

"पडूक नाय," मी म्हटलं.

"परत बघ," ते म्हणाले, आणि परत ओढला.